सजविलेला ईमेल व त्यांतील धोके

टपालवाल्यानें आणलेलें पत्र हातीं पडलें म्हणजे आपण काय करितों? प्रथम लखोट्यावरील अक्षर निरखतों, मग पोस्टाचा शिक्का पाहतों, आणि नंतर लखोटा फोडून आंतील मजकूर वाचूं लागतों. आपण वाचीत असतां तो कागद हातांत निमूटपणें पडून असतो. "यांनीं मला आतांच उघडलें," अशी वर्दी तो पाठविणाराकडे पोंचवीत नाहीं. सायंकाळीं वाचून फडताळांत ठेवलेला मजकूर सकाळीं निराळाच झालेला आढळत नाहीं. आणि त्याच फडताळांतील आपलीं दुसरीं पत्रें उचलून तो परक्याच्या स्वाधीन करीत नाहीं. कागदाच्या या निरुपद्रवी स्वभावाची आपणांस इतकी संवय झाली आहे कीं, ईमेलनें आलेलें पत्रहि तसेंच असेल, असें आपण न विचारतांच गृहीत धरतों. साध्या मजकुराच्या ईमेलपुरती ही समजूत बरीचशी खरी आहे. परंतु रंगीत अक्षरें, चित्रें व बटणें यांनीं सजविलेल्या ईमेलविषयीं ती खरी नाहीं. कागद ज्या तीन गोष्टी कधींच करीत नाहीं म्हणून वर सांगितलें, त्या तिन्ही गोष्टी सजविलेल्या ईमेलकडून करवून घेतां येतात, आणि हें गेल्या पंचवीस वर्षांत पुनःपुन्हां दिसून आलें आहे. आज विद्यार्थी व त्यांचे पालक या दोघांच्याहि हातीं मोबाइल असतो. शाळेचें शुल्क, परीक्षेचे अर्ज, बँकेचे हिशेब, सर्व त्यांतूनच चालतात. म्हणून या विषयाची थोडीशी ओळख सर्वांस असणें अगत्याचें आहे.

साधें पत्र व सजविलेलें पत्र हा भेद उत्पन्न कसा झाला, हें प्रथम पाहूं. इ. स. १९७१ मध्यें अमेरिकेंत रे टॉमलिन्सन या अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर जाळ्यामार्फत पहिलें पत्र धाडलें. मनुष्याचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें जें 'ॲट'चें वाटोळें चिन्ह आपण घालतों, तें त्यानेंच निवडलें. त्या काळीं पत्र म्हणजे केवळ अक्षरें, अंक व विरामचिन्हें. १९८२ मध्यें अशा पत्रांच्या रचनेचे व दळणवळणाचे जे नियम ठरले, तेहि रोमन लिपींतील साध्या मजकुरापुरतेच होते. पुढें १९९२ मध्यें नाथानिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं 'माइम' नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तिच्यामुळें एकाच पत्रांत चित्रें, ध्वनि व निरनिराळ्या भाषांच्या लिप्या यांना जागा मिळाली. बोरेनस्टाइन यांनीं त्या वर्षीं या पद्धतीनें धाडलेल्या एका पत्रासोबत आपल्या चार जणांच्या गायनमंडळीचें छायाचित्र व गाणें जोडलें होतें, असें सांगतात. इतक्या निर्मळ हेतूनें ही वाट खुली झाली. त्याच सुमारास जिनीव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं वेबपानांसाठीं एचटीएमएल ही खुणांची भाषा रचली होती. ती भाषा १९९० नंतरच्या दशकांत पत्रांतहि शिरली, आणि वेबपानाचे सर्व गुण व सर्व दोष पत्राला येऊन चिकटले.

सजविलेलें पत्र म्हणजे नेमकें काय, हें स्वयंपाकघरांतील दृष्टान्तानें चांगलें समजेल. साधें पत्र म्हणजे तयार करून पाठविलेला डबा होय. झांकण काढलें कीं आंत असेल तें दिसतें. सजविलेलें पत्र म्हणजे डबा नव्हे. ती पदार्थ कसा करावा हें सांगणारी चिठ्ठी होय. चिठ्ठी वाचून पदार्थ सिद्ध करण्याचें काम आपल्याच घरच्या यंत्रानें करावयाचें असतें. "हे शब्द तांबडे करावे, हे ठळक करावे, येथें अमुक ठिकाणाहून चित्र आणून लावावें, या शब्दांवर वाचकानें बोट ठेवल्यास त्याला तमुक पत्त्यावर न्यावें," अशा सूचना त्या चिठ्ठींत असतात. पडद्यावर आपण पाहतों तो शिजून तयार झालेला पदार्थ. मूळ चिठ्ठी आपल्या दृष्टीस बहुधा कधींच पडत नाहीं. सारांश, साधें पत्र मनुष्यानें वाचावयाचें असतें; सजविलेलें पत्र आधीं यंत्रानें पाळावयाचें असतें आणि मग मनुष्यानें वाचावयाचें असतें. पुढें सांगावयाचे सर्व धोके या एका गोष्टींतूनच निघतात.

पहिला धोका पाळतीचा. चिठ्ठींत "चिंच अमुक वाण्याच्याच दुकानांतून आणावी" असें लिहिलें असेल, तर चिंच आणावयास गेल्याबरोबर त्या वाण्याला कळतें कीं, या घरीं चिठ्ठी पोंचली आणि चुलीवर पातेलें चढलें. पत्रांतील चित्रांचें असेंच आहे. चित्र पत्रांत नसून पाठविणाराच्या यंत्रावर ठेवलेलें असतें. आपण पत्र उघडतांच आपला मोबाइल तें आणण्यासाठीं त्या यंत्राकडे विनंति करितो. त्या विनंतीवरून पत्र केव्हां उघडलें, किती वेळां उघडलें, कोणत्या जातीच्या यंत्रावर उघडलें, आणि पुष्कळदां साधारणतः कोणत्या शहरांतून उघडलें, हें पाठविणाराला समजतें. हें चित्र मोठें असण्याचीहि गरज नाहीं. एका ठिपक्याएवढें लांब व एका ठिपक्याएवढें रुंद असें पारदर्शक चित्र वापरण्याचा प्रघात आहे. तें कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. प्रत्येक वाचकासाठीं चित्राचें नांव मात्र वेगळें ठेवतात, त्यामुळें कोणी उघडलें हेंहि कळतें. ही युक्ति व्यापारी मंडळी जाहिरातीसाठीं सर्रास वापरतात. फसविणारे लोक तिचा उपयोग कोणत्या पत्त्यावर जिवंत मनुष्य बसला आहे, हें हुडकण्यासाठीं करितात. असा पत्ता सांपडला कीं पुढील पत्रें त्याच्यावर अधिक नेमानें येऊं लागतात.

पाळतीच्या या विद्येचें एक प्रकरण २००६ मध्यें बरेंच गाजलें. ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीच्या संचालक मंडळांतील गुप्त चर्चा वर्तमानपत्रांत कोण फोडतो, याचा तपास चालला होता. तपास करणारांनीं एका वार्ताहर स्त्रीला खोट्या नांवानें ईमेल धाडला व त्यासोबत असा माग काढणारा साथीदार जोडला कीं, ती तें पत्र पुढें कोणाकडे धाडते हें कळावें. प्रकरण उघडकीस आल्यावर अमेरिकन काँग्रेसपुढें त्याची चौकशी झाली. त्यानंतर या पाळतीला आळा घालण्याचे प्रयत्नहि झाले आहेत. डिसेंबर २०१३ पासून गूगलनें जीमेलमधील चित्रें आपल्या स्वतःच्या यंत्रांमार्फत आणण्याची व्यवस्था केली, त्यामुळें वाचकाचें ठिकाण झांकलें जाऊं लागलें. २०२१ मध्यें ॲपलनें वाचकानें पत्र उघडण्याची वाट न पाहतांच चित्रें आधीं आणून ठेवण्याची सोय दिली. तथापि अशी सोय सर्व ठिकाणीं नाहीं, आणि जेथें आहे तेथेंहि ती चालू आहे किंवा नाहीं, हें आपलें आपणच पाहिलें पाहिजे.

दुसरा धोका खोट्या पाटीचा, आणि प्रत्यक्ष व्यवहारांत सर्वांत अधिक नुकसान यानेंच होतें. रस्त्यावर 'शाळेकडे' अशी पाटी असावी आणि तिच्या मागील वाट मात्र चोरांच्या वाड्यांत शिरावी, तसा हा प्रकार आहे. सजविलेल्या पत्रांत दिसणारे शब्द एक आणि त्यांच्या पाठीमागील पत्ता दुसराच, असें करण्यास कांहींच कौशल्य लागत नाहीं. ती त्या भाषेची रोजची सोयच आहे. शिवाय मोठ्या संस्थेचें बोधचिन्ह, तिचे रंग, तिच्या पत्रांची ठेवण हें सर्व हुबेहूब उतरवितां येतें. कागदावर असें करावयाचें तर छापखाना गांठावा लागेल. येथें खऱ्या पत्राची नक्कल करून घेतली कीं काम झालें.

याचें एक उदाहरण जगाच्या इतिहासांत नमूद झालें आहे. २०१६ सालीं अमेरिकेंत अध्यक्षपदाची निवडणूक चालली होती. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना १९ मार्च रोजीं एक ईमेल आला. तो गूगलकडून आल्यासारखा दिसत होता. "तुमचा पासवर्ड कोणीतरी युक्रेनमधून वापरला आहे, तो ताबडतोब बदला," असा त्यांतील आशय होता, आणि खालीं पासवर्ड बदलण्यासाठीं एक ठळक बटण होतें. बटणाच्या मागें गूगलचा पत्ता नव्हता. एका आंखूड केलेल्या पत्त्यामार्फत तें बनावट पानाकडे नेत होतें. विशेष हें कीं, त्यांच्या कचेरींतील मंडळींना संशय आला होता व त्यांनीं संगणकाच्या जाणकाराला विचारलेंहि होतें. त्यानें उत्तरांत गूगलचा खरा पत्ता दिला आणि दुहेरी पडताळणी सुरू करण्याचाहि सल्ला दिला. परंतु 'हें पत्र खोटें आहे' असें लिहावयाच्या ऐवजीं त्याच्या हातून 'हें पत्र खरें आहे' असें लिहिलें गेलें. ती आपल्या लेखणीची चूक होती, असें त्यानें मागाहून सांगितलें. मूळ पत्रांतील बटणच दाबलें गेलें. पन्नास हजारांहून अधिक पत्रें चोरीला गेलीं, आणि ऑक्टोबर २०१६ पासून तीं जगापुढें छापलीं जाऊं लागलीं. जुलै २०१८ मध्यें अमेरिकन सरकारनें या व अशाच इतर चोऱ्यांबद्दल रशियाच्या लष्करी हेरखात्यांतील १२ अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केलें.

या प्रसंगांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तेंच पत्र जर साध्या मजकुराच्या रूपानें वाचलें गेलें असतें, तर बटण नाहींसें होऊन त्याच्या जागीं तो आंखूड पत्ता उघडा पडला असता. आणि एवढी मोठी कंपनी आपल्या ग्राहकाला असल्या आडवाटेनें कां बोलावील, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत आला असता. दुसरी गोष्ट अशी कीं, खरा पत्ता हातांत असतांहि मनुष्य डोळ्यांसमोरच्या बटणाकडेच वळतो. तेव्हां पत्र खरें कीं खोटें याचा वाद घालीत बसण्यापेक्षां, पत्रांतील वाट मुळींच न धरतां आपल्या ओळखीच्या वाटेनें जाणें हेंच शहाणपणाचें होय.

येथें कोणी म्हणेल कीं, पत्ता उघडा दिसला म्हणजे झालें. परंतु अक्षरेंहि फसवितात. आपल्या देवनागरींतील 'ख' हें अक्षर 'र' व 'व' जवळजवळ लिहिल्यासारखें दिसतें, आणि हस्तलिखितांत 'खाना' कीं 'रवाना' असा घोटाळा होतो, हें सर्वांस ठाऊक आहे. रोमन लिपींतहि 'आर' व 'एन' हीं लहान अक्षरें चिकटून आलीं कीं तीं 'एम'सारखीं दिसतात. याहून सूक्ष्म प्रकार म्हणजे रशियन लिपींतील 'अ'; तो रोमन 'ए'शीं इतका जुळतो कीं डोळ्यांना फरक कळत नाहीं, परंतु यंत्राला तीं दोन वेगळीं अक्षरें असतात. २०१७ मध्यें एका संशोधकानें अशाच परक्या अक्षरांचा पत्ता घेऊन, तो कांहीं ब्राउझरांत ॲपल कंपनीच्याच पत्त्यासारखा दिसतो, हें प्रयोगानें दाखविलें. म्हणून अनोळखी पत्रांतील पत्ता नुसता वाचून समाधान मानूं नये.

तिसरा धोका मजकूर पालटण्याचा. सजविलेल्या पत्राचे रंग, आकार व मांडणी यांच्या सूचना पत्रापासून दूर, पाठविणाराच्या यंत्रावर ठेवतां येतात. ऑगस्ट २०१७ मध्यें माइमकास्ट या कंपनीनें 'रोपमेकर' या नांवानें याच सोयीचा दुरुपयोग कसा होईल हें दाखवून दिलें. पत्र पोंचल्यावर, तपासणीच्या चाळणींतून सुटल्यावर, पाठविणारा आपल्या घरीं बसून दूरच्या सूचना बदलतो, आणि वाचकाच्या पेटींतील पत्रांत कालपर्यंत झांकलेला दुवा आज दिसूं लागतो. अशी सूचना बाहेरून आणूं देणाऱ्या वाचनप्रणालींतच हें शक्य आहे, आणि त्या वेळेपर्यंत ही युक्ति प्रत्यक्ष वापरलेली आढळली नव्हती. तरीपण 'लिहिलेलें पुसत नाहीं' हा कागदाचा गुण येथें राहत नाहीं, हें तिनें स्पष्ट केलें.

२०२४ मध्यें जर्मनीतील संशोधकांनीं याचाच एक अधिक चमत्कारिक प्रकार प्रसिद्ध केला. पत्र पुढें धाडलें म्हणजे तें नव्या पत्राच्या पोटांत बसतें व त्याची अंतर्रचना थोडी बदलते. ही गोष्ट हेरून, पहिल्या वाचकाला न दिसणारा मजकूर दुसऱ्या वाचकाला दिसेल, अशी व्यवस्था करितां येते. समजा, एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पुस्तकविक्रेत्याच्या नांवानें साधें चौकशीचें पत्र आलें. त्यांत कांहींच वावगें न दिसल्यामुळें त्यांनीं तें कारकुनाकडे पुढें धाडलें. कारकुनाच्या पडद्यावर मात्र त्याच पत्रांत "पैसे यापुढें अमुक खात्यांत भरावे" अशी ओळ उमटली. पत्र प्रत्यक्ष मुख्याध्यापकांकडून आलेलें. मग शंका ती काय घ्यावयाची? दोघांनींहि आपापलें काम सरळपणें केलें आणि पैसा मात्र चोराच्या घरीं गेला. पुढें दोघे एकमेकांस दोष देत बसतील, हें आणखी वेगळें नुकसान. अलीकडे पत्रांचा सारांश काढून देणाऱ्या कृत्रिम बुद्धीच्या सोयी निघाल्या आहेत. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांनीं लिहिलेला मजकूर मनुष्याला दिसत नाहीं, परंतु अशा यंत्राला तो वाचतां येतो व त्याचा सारांश त्यानें बिघडूं शकतो.

चौथा धोका घरभेद्याचा, म्हणजे पत्रानेंच आपलीं दुसरीं पत्रें बाहेर नेण्याचा किंवा यंत्रांत उपद्रव माजविण्याचा. नोव्हेंबर १९९९ मध्यें 'बबलबॉय' नांवाचा एक संगणक-किडा आढळला. तोंपर्यंत "अनोळखी जोडपत्र उघडूं नका म्हणजे भय नाहीं," असें लोकांना सांगण्यांत येई. या किड्याला जोडपत्र नव्हतेंच. सजविलेल्या पत्रांत दडविलेल्या आज्ञा पत्र उघडतांच चालूं लागत. तो फारसा पसरला नाहीं, परंतु त्याच फटींतून शिरणारा व पत्राच्या खालच्या सहीच्या जागीं लपणारा 'काक' हा किडा पुष्कळ पसरला. दुःखाची गोष्ट ही कीं, ती फट बुजविणारी दुरुस्ती ऑगस्ट १९९९ मध्येंच निघाली होती. लोकांनीं ती करून घेतली नव्हती. सप्टेंबर २००१ मध्यें 'निमडा' आला. पत्र नुसतें डोळ्यांपुढें येतांच, दुरुस्ती न झालेल्या यंत्रांत तो शिरे. याशिवाय इतर वाटांनींहि तो पसरला व थोड्याच वेळांत जगभर गेला.

तेव्हांपासून पत्रांतील आज्ञा चालूं न देण्याचा नियम बहुतेक सर्व वाचनप्रणालींनीं केला आहे. परंतु सजावटीच्या शेंकडों खुणा चालूं द्यावयाच्या आणि त्यांतून आज्ञा तेवढ्या निवडून काढावयाच्या, हें काम तांदुळांतून खडे निवडण्यासारखें आहे. एखादा खडा राहून जातोच. ऑक्टोबर २०२३ मध्यें 'राउंडक्यूब' या ब्राउझरमधून पत्रें वाचण्याच्या प्रणालींत असाच खडा राहिलेला निघाला. युरोपांतील कांहीं सरकारी कचेऱ्यांना धाडलेलीं पत्रें नुसतीं उघडून पाहिलीं, तरी त्यांतील आज्ञा चालत, आणि वाचकाच्या पेटींतील पत्रें हेरांच्या हातीं पडण्याची वाट खुली होई. दुवा दाबावा लागत नव्हता, जोडपत्र उघडावें लागत नव्हतें.

याहूनहि बोधप्रद गोष्ट मे २०१८ मधील 'ईफेल' या शोधाची आहे. कांहीं लोक आपलीं पत्रें गुप्त लिपींत कुलूपबंद करून धाडतात. किल्ली ज्याच्यापाशीं असेल त्यालाच तीं वाचतां येतात. वार्ताहर, वकील, अन्यायाविरुद्ध झगडणारे कार्यकर्ते यांच्या जिवाचाच कधीं कधीं त्यांत प्रश्न असतो. जर्मनी व बेल्जियम येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, कुलूप न फोडतांहि आंतील मजकूर चोरतां येतो. चोरानें वाटेंत हस्तगत केलेलें कुलूपबंद पत्र घ्यावयाचें. त्याच्या आधीं "अमुक पत्त्यावरून चित्र आणावें" या सूचनेचा आरंभ लिहावयाचा, पण पत्त्याचें अवतरणचिन्ह मिटवावयाचें नाहीं. तें चिन्ह कुलूपबंद भागाच्या पलीकडे मिटवावयाचें. आणि असें जोडकाम करून तें पत्र मूळ मालकाकडेच धाडावयाचें. मालकाची प्रणाली इमानानें किल्ली लावते, मजकूर उलगडतो, आणि उलगडलेला सर्व मजकूर चित्राच्या पत्त्याचा भाग समजून ती तो चोराच्याच यंत्राकडे पोंचविते! कुलूप मजबूत होतें, किल्ली मालकापाशींच होती; सजावटीच्या हौसेनें घात केला. त्या प्रणालींत पुढें दुरुस्त्या झाल्या. परंतु ज्यांनीं आपलीं पत्रें साध्या मजकुराच्या रूपानेंच वाचण्याचा नियम ठेवला होता, त्यांच्यापुढें या विशिष्ट युक्तीचें कांहींच चाललें नसतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

मग सजविलेला ईमेल अजिबात टाकून द्यावा काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. कोष्टकें, आकृति, ठळक मथळे यांनीं मजकूर समजण्यास सोपा होतो, आणि त्यांचा योग्य जागीं उपयोग करण्यास हरकत नाहीं. शिवाय साधा मजकूर म्हणजे सर्व रोगांवर एकच औषध, असेंहि मानूं नये. खोटें बोलावयास रंगीत अक्षरें लागत नाहींत. आणि मे २००० मध्यें जगभर हाहाकार करणारा 'आय लव्ह यू' हा किडा प्रेमपत्राचें नांव घेतलेल्या जोडपत्रांतून आला होता, सजावटींतून नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सजावट ही फुकट मिळत नाहीं. तिच्याबरोबर आपण परक्याच्या सूचना पाळण्याचें पत्करीत असतों. मराठींत लिहावयाचें म्हणून सजविलेलें पत्र पाहिजे, ही समजूतहि आतां निराधार आहे. एके काळीं विशिष्ट टंकाशिवाय देवनागरी दिसत नसे. परंतु युनिकोड या सर्वमान्य पद्धतींत देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, आणि साध्यांत साध्या मजकुराच्या पत्रांतहि आपली भाषा आतां स्वच्छ उमटते.

आतां उपाय. पहिला उपाय असा कीं, बाहेरील चित्रें विचारल्याशिवाय आणूं नयेत, अशी खूण आपल्या ईमेलच्या सेटिंगमध्यें करून ठेवावी. जीमेल, आउटलुक, थंडरबर्ड या सर्वांत ती सोय आहे. आउटलुक व थंडरबर्ड यांत तर सर्व पत्रें साध्या मजकुराच्या रूपानें दाखविण्याचीहि सोय आहे. जिज्ञासू विद्यार्थ्यांनीं एकदां ती चालू करून पाहावी, म्हणजे नटलेल्या पत्राचें खरें अंतरंग कळेल. दुसरा उपाय, पत्रांतील बटण दाबूं नये. बँकेचा, शाळेचा वा परीक्षामंडळाचा पत्ता आपण स्वतः टाइप करून जावें. दुवा कोठें नेतो हें पाहावयाचें असल्यास संगणकावर त्याच्यावर नुसता बाण न्यावा, मोबाइलवर बोट न उचलतां दाबून धरावें. खरा पत्ता दिसतो. तिसरा, पासवर्डाबरोबर दुहेरी पडताळणी ठेवावी. चौथा, यंत्रावरील दुरुस्त्या येतांच करून घ्याव्या. १९९९ सालचा धडा हाच आहे. पांचवा, खातें बदलल्याचें वा पैसे तांतडीनें भरण्याचें पत्र कितीहि ओळखीच्या मनुष्याकडून आलें, तरी आपल्यापाशीं आधींपासून असलेल्या क्रमांकावर त्याला फोन करून विचारावें. पत्रांत दिलेल्या क्रमांकावर नव्हे. आणि आपण स्वतः पत्र लिहितांना सजावटीची गरज नसेल तेथें साधेंच लिहावें, म्हणजे दुसऱ्यालाहि साध्याची संवय लागेल.

एवढें करूनहि फसवणूक झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. भारत सरकारनें अशा प्रसंगासाठीं १९३० हा दूरध्वनि क्रमांक व राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीचें संकेतस्थळ उपलब्ध केलें आहे. जितक्या लवकर कळवावें, तितका पैसा वाटेंत अडविला जाण्याचा संभव अधिक. पालकांना येथें एक नम्र सूचना करावीशी वाटते. मुलानें "माझ्या हातून एक बटण दाबलें गेलें," असें येऊन सांगितलें, तर त्या क्षणीं त्याला रागावूं नये. रागाच्या भीतीनें मूल जी गोष्ट दोन दिवस लपवून ठेवतें, तिच्यामुळें दोन मिनिटांत सुधारणारें काम हाताबाहेर जातें. चूक थोर पदावरील माणसांच्या कचेरींतहि होते, हें वर पाहिलेंच आहे. चूक ताबडतोब सांगण्याचें धैर्य ज्या घरांत मुलांना असतें, त्या घराचें संरक्षण कोणत्याहि कुलुपापेक्षां अधिक पक्कें असतें.

दिसतें तसें नसतें म्हणून जग फसतें, ही म्हण आपल्या आज्यांनीं ईमेल पाहण्यापूर्वींच आपल्याला शिकविली आहे. तिच्यांत आतां एवढीच भर घालावयाची कीं, सजविलेल्या ईमेलच्या बाबतींत दिसतें तें आपणांसाठीं लिहिलेलें असतें, आणि दिसत नाहीं तें आपल्या यंत्रासाठीं लिहिलेलें असतें. यंत्र तें विचार न करितां पाळतें. विचार करण्याचें काम मात्र वाचणाराकडेच राहतें, आणि तें त्यानें बोट उचलण्यापूर्वीं करावयाचें असतें.